धुतलेल्या बाटल्या

तुम्ही नातवंडं मागच्या सुट्टीत खेळून आल्यावर आवारातल्या बोअरच्या ज्या नळाखाली पाय धुवायचात, तो आता बंद आहे. त्याला तार गुंडाळून मीच पाटी लावली. व्हिडिओ कॉलवर तुम्ही कारण विचारलंत आणि मी विषय बदलला. आता नीट लिहून कळवते.

अंबरनाथच्या आपल्या सोसायटीच्या भिंतीपलीकडे गाड्यांचं शोरूम आहे, ते तुम्ही पाहिलंय. पुढे काचा, मागे वर्कशॉप. ते विकायला निघालं, आणि घेणाऱ्याने अट घातली की आधी जमीन आणि जमिनीखालचं पाणी तपासून घ्या. वर्कशॉपमागे जुन्या ऑइलची आणि पेट्रोलची टाकी पुरलेली होती, ती गळत असावी अशी शंका होती. एके सकाळी यंत्र आलं, जमिनीला खोल भोकं पाडली. वर आलेली माती काळी आणि चिकट होती. मी गॅलरीतून पाहत होते.

उतार आपल्याकडे. म्हणून प्रयोगशाळेतली मुलगी आपल्या बोअरचाही नमुना मागायला आली. सोसायटीची सेक्रेटरी मी, तेव्हा पंपाच्या खोलीची किल्ली माझ्याकडेच.

या पाण्यावर सगळ्यात जास्त विसंबून होती तळमजल्यावरची डबे करणारी बाई. सरकारी नळाला पाणी एक दिवसाआड, आणि साठवायला तिच्याकडे टाकी नाही. त्यामुळे स्वयंपाक बोअरवर, आणि तिच्या पाच वर्षांच्या मुलीचं पिणंही बोअरवर. दोन महिन्यांपूर्वी तिने मला विचारलं होतं, "आज्जी, पाण्याला रॉकेलसारखा वास मारतोय का हो?" मी काचेच्या पेल्यात पाणी घेऊन उजेडात धरलं. नितळ होतं. "पंपाच्या ग्रीसचा असेल गं. पाणी चांगलंय," मी म्हटलं. आयुष्यभर वह्या तपासल्या. स्वच्छ दिसलं की माझा हात आपोआप बरोबरची खूण करतो.

नमुन्याच्या आदल्या संध्याकाळी प्रयोगशाळेतल्या मुलीने छोट्या काचेच्या बाटल्यांची पेटी पंपाच्या खोलीत ठेवली. "मॅडम, सकाळी नऊला येते." सकाळी सहाला मी पेटी उघडली. प्रत्येक बाटलीच्या तळाशी दोन-तीन थेंब होते. आधीच्या कुणाचं तरी पाणी राहिलंय, असं मला वाटलं. न धुतलेल्या भांड्यात मी कधी दूधही घेतलेलं नाही. सगळ्या बाटल्या साबणाने घासल्या, उकळत्या पाण्याने विसळल्या, पंच्यावर पालथ्या घालून वाळवल्या आणि झाकणं लावून जशाच्या तशा ठेवल्या. बोटांना जरा चुरचुरलं, ते साबणामुळे असेल समजले.

नऊला मुलगी आली. शोरूमचा मॅनेजरही आला, इस्त्रीच्या शर्टात. तिने बराच वेळ पंप चालू ठेवला, हातमोजे घातले, बाटल्या काठोकाठ भरल्या आणि उलट्या करून बुडबुडा नाही ना ते पाहिलं. तळमजल्यावरची बाई वाकून बघत होती.

"ताई, हात नका लावू," मुलगी म्हणाली. "आत आम्लाचे थेंब असतात. त्याशिवाय पाण्यातलं पेट्रोल लॅबमध्ये पोचेपर्यंत कमी होतं. खराब पाणीसुद्धा चांगलं दिसतं."

माझी बोटं सकाळी कशाने चुरचुरली, ते आता कळलं.

मॅनेजर हसत म्हणाला, "रातभर पेटी इनके पास थी. आधीच काही टाकलं नाही ना सोसायटीवाल्यांनी?"

"आमच्या आज्जींकडे?" बाई त्याच्यावर उसळली. "किल्ली कमरेला लावून झोपतात त्या! तुमच्या शोरूमसारखा गळका कारभार नाही इथे."

सगळे हसले. मीही हसले. तेव्हाच बोलायला हवं होतं. बाटल्या बर्फाच्या खोक्यात गेल्या, गाडी फाटकाबाहेर पडली.

मी जिना चढू लागले. अर्ध्यावरच्या खिडकीतून खाली पाहिलं तर बाई बोअरच्या नळावर आपल्या मुलीची शाळेची बाटली भरत होती. गुलाबी, ससा असलेली.

मी तिथूनच फोन लावला. गाडी अजून अंबरनाथमध्येच होती. "परत या," मी म्हटलं, "तुमच्या बाटल्या मी धुतल्या आहेत." मग मुलगी म्हणाली, "मॅडम, त्यांच्यावर छापलं होतं, धुऊ नये म्हणून." इंग्रजीत छापलं होतं. तुमच्या इंग्रजी शिकवणाऱ्या आजीचा चष्मा वर टेबलावर होता.

ती परत आली तेव्हा मॅनेजर अजून फाटकाशीच होता. मी सगळ्यांसमोर सांगितलं.

"म्हणजे छेडछाड झालीच," तो म्हणाला. "हे रिपोर्टमध्ये लिहा."

"लिहिणारच," मुलगी म्हणाली. "आणि दुसऱ्यांदा सीलबंद बाटल्यांत घेतलं, तुमच्यासमोर घेतलं, हेही लिहिणार. थांबा इथेच."

तळमजल्यावरची बाई पुढे आली. तिने गुलाबी बाटली उपडी केली. सगळं पाणी जाईपर्यंत तशीच धरून ठेवली. मग माझ्याकडे पाहिलं.

"आज्जी, त्या दिवशीचा पेला... तोपण असाच बघितला होतात?"

मी "हो" म्हटलं.

अहवाल पुढच्या आठवड्यात आला. पाण्यात पेट्रोलमधली द्रव्यं सापडली, पिण्यास अयोग्य. नळ मी त्याच दिवशी बंद केला. बाईच्या मुलीला डॉक्टरांना दाखवलं. तूर्त काही दिसत नाही म्हणाले, पण तीन महिन्यांनी पुन्हा तपासायला सांगितलंय. तुम्ही काळजी करू नका. तुम्ही होतात तेव्हा पिण्यासाठी मी बाहेरून पाण्याचे जार मागवत होते. पाहुण्यांना बोअरचं पाणी कसं द्यायचं, असं मला तेव्हा वाटलं होतं. हे वाक्य लिहायला मला दोन दिवस लागले.

आता ती बाई रोज सकाळी हंडा घेऊन आपल्या स्वयंपाकघरात येते. आधी सरकारी पाणी साठवलेल्या आपल्या टाकीच्या नळाखाली ओंजळ धरते, नाकाशी नेते, मग हंडा लावते. माझ्याशी बोलते, पण कामापुरतं. मी ओट्यावरची भांडी बाजूला करून तिला जागा देते आणि हंडा भरेपर्यंत तिथेच उभी राहते.