बूड कापलेले कांदे

सायखेड्याच्या शाळेत मी नववीला जीवशास्त्र शिकवायला लागले, तेव्हा शाळेला नुकताच एक कॉम्प्युटर मिळाला होता. माझ्या डोक्यात एक खूळ होतं: उत्तर आधी सांगायचं नाही. मुलांनी प्रश्न घेऊन प्रयोग करायचा, अडलं की कॉम्प्युटरवर जीवशास्त्राची सीडी बघायची आणि पुन्हा प्रयोगाकडे वळायचं. मुख्याध्यापकांना हा सगळा पोरखेळ वाटायचा. "शनिवारी वर्गावर येतो. मुलांना काही सांगता आलं तर ठीक, नाहीतर पुढच्या आठवड्यापासून मुकाट्यानं फळ्यावर उत्तरं लिहून द्यायची," त्यांनी बजावलं.

प्रश्न सोपा होता. कांद्याला मुळं नेमकी कुठून फुटतात? प्रत्येकानं घरून एक कांदा आणायचा आणि पाण्याच्या ग्लासवर बसवायचा. आमच्या गावात कांद्याला काय तोटा! पण मॅडमसाठी न्यायचा म्हटल्यावर घरोघरच्या आयांनी कांदे साठवायच्या चाळीतला एक नंबर माल निवडला, वरची साल काढली, बूड विळीवर सपाट कापलं आणि कांदा चकाचक करून धाडला. इतके लाड माझे सासरी-माहेरीही कुणी केले नव्हते. शुक्रवार उजाडला तरी एकाही ग्लासात मूळ दिसेना. मी पार खचले.

शेवटी सीडी लावली. पडद्यावर कांद्याला भराभर मुळं फुटली, तशी मागच्या बाकावरची एक मुलगी ओरडली, "मॅडम, ह्याचं बूड कापेल नाय!"

सगळा वर्ग ग्लासांकडे धावला. कांदे उलटे करून झाले, एकमेकांच्या आयांची यथेच्छ थट्टा झाली आणि मधल्या सुट्टीत जवळची मुलं घरी पळत जाऊन मातीसकट कांदे घेऊन आली.

शनिवारी मुख्याध्यापक आले. नव्या कांद्यांखाली ग्लासांत नुसतं गढूळ पाणी. "मग? काय शिकलात?"

तीच मुलगी उभी राहिली.

"सर, मुळं नाय आली. पण का नाय आली ते कळलंय. बूड कापलं का मुळं फुटायची जागाच जाती. आता बूड ठेवलंय. सोमवारी दाखवतो."

मला त्या पोरीची भारी माया आली. सर एकेक ग्लास वाकून बघत गेले आणि दारापाशी थांबले.

"मॅडम, सोमवारी तुमचा तास कितवा? मला बोलवा. मीही कधी बघितलेलं नाही."