रिकाम्या डबीची टिकटिक

माझ्यावर सर्वांत मोठे उपकार आमच्या भौतिकीच्या सरांचे. घाटंजीजवळच्या तांड्यातला मी, घरातला पहिला पदवीधर. यवतमाळच्या कॉलेजात त्यांनीच मला प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून ठेवून घेतलं. तुम्ही तिथं आला असता, तर आधी त्यांचं वर केलेलं बोट दिसलं असतं. "थांब. आधी रिकामं आयकू दे."

कापसाचे जिनिंगवाले आपल्या इंजिनाचं तेल आमच्याकडे पाठवत. तेलात गंधक जास्त असलं की सिलिंडर झिजत. सर ते तेल डबीत ओतत. डबीखाली शिशाच्या पेटीत किरणोत्सारी कण, वर मोजणीचं यंत्र. गंधक किरण अडवतं, म्हणून तेल जितकं वाईट तितकी टिकटिक विरळ. पण त्याआधी पेटी बंद ठेवून रिकाम्या डबीवर ऐकायचं, हा त्यांचा नियम. तेव्हाही यंत्र मधूनच वाजे.

"सर, पेटी बंद हाय. मंग कोन वाजवून राह्यलं?"

"कोनी नाही. जमीन, भिंत, आभाळ. हे नेहमीच असते, आपल्याले आयकू येत नाही."

हे ऐकून धीर यायचा सोडून माझ्या अंगावर काटा आला.

पेटी उघडताना ते मला बाहेर काढत. "लग्न व्हायचं हाय तुहं. व्हरांड्यात थांब."

एका दुपारी पेटी बंद होती, डबी रिकामी. सर जवळ आले आणि टिकटिक दाट झाली. मागे सरकले, विरळ झाली. त्यांनी कोट काढून बाहेर ठेवला, हात घासून धुतले, परत आले. पंजा यंत्राखाली धरला. तव्यावर ज्वारीच्या लाह्या फुटाव्यात तसं ते तडतडलं. कणाचं वेष्टण फाटलं होतं, हे मागाहून कळलं.

"पाह्य, मीच वाजून राह्यलो," ते हसून म्हणाले.

मी पुढे झालो. बोट वर गेलं. "थांब. तुहा हात धर आधी." ते लांब जाऊन भिंतीला टेकून उभे राहिले. माझ्या हातावर यंत्र जवळजवळ गप्प होतं. सरांनी डोळे मिटले. "बेस झालं. जा आता घरी."

तपासणीसाठी ते मुंबईला गेले, ते परत आले नाहीत. दवाखान्याच्या पत्त्यावर मी पाठवलेलं पत्र असं होतं:

"तीर्थस्वरूप सरांस साष्टांग नमस्कार. पेटी सरकारी माणसांनी नेली, यंत्र इथंच आहे. खोलीभर विरळ वाजतं, फक्त तुमच्या खुर्चीजवळ दाट होतं. लोक म्हणतात, खुर्ची जाळून टाक. मी हात लावलेला नाही. खोलीला कुलूप लावलं आहे. रोज ते काढून दारातूनच यंत्र पुढे धरतो आणि ऐकतो. अजून तुम्ही बसलेले आहात."