बावन्नांत दिसलं नाही ते

आमच्या हॉस्पिटलच्या संशोधन विभागात आकडेकाकांची खोली अगदी टोकाला, धुतलेल्या चादरी ठेवायच्या खोलीला लागून. तिथे जाताना माझे पाय जड व्हायचे. मी कितीही हौसेनं एखादा अभ्यास मांडला, तरी काका आधी विचारणार, "माणसं किती?" आणि आकडा ऐकून मान हलवणार. नकारार्थी, अर्थात. एकतीस वर्षं त्यांनी हेच केलं. संशोधनाआधी किती माणसं तपासावी लागतील ते काढायचं आणि शेवटी त्यातून काय म्हणता येतं, काय येत नाही, ते लिहून द्यायचं.

मी वाचा-उपचार करते. मेंदूचा झटका येऊन ज्यांचे शब्द हरवतात, त्यांना पुन्हा बोलतं करायचं. त्यासाठी मी मंगळवारी गप्पांचा वर्ग सुरू केला होता. गोल मांडलेल्या आठ खुर्च्या, बाकी काही नाही. आठांहून जास्त माणसं झाली की कुणालाच बोलायची पाळी मिळत नाही. "याचा फायदा होतो हे नीट तपासून दाखवा, मग वर्ग कायम करू," असं व्यवस्थापक साहेब म्हणाले आणि मी काकांकडे गेले.

काकांनी मध्यम फायदा धरून हिशेब केला. वर्गात चौसष्ट, वर्गाबाहेर चौसष्ट. एकशे अठ्ठावीस माणसं! एवढी मी आणणार कुठून? मग मी एक शहाणपणा केला. आमच्या क्षेत्रात तो सर्रास चालतो, म्हणून सांगायला लाज वाटत नाही, म्हणजे तेव्हा वाटली नाही. "काका, फायदा मध्यम कसला, चांगला मोठा होतो. मी डोळ्यांनी बघतेय ना. मोठा धरा." मोठा फरक थोड्या माणसांतही दिसतो, त्यामुळे आकडा धाडकन बावन्नावर आला.

काका म्हणाले, "अगं, झेपतील तेवढी माणसं तू आधी ठरवलीस, आणि मग फायदा त्यांच्या मापाचा शिवून घेतलास."

"तुम्हाला ना, कुणाचं चांगलं झालेलं बघवतच नाही," मी फणकारले. त्यांनी आपलं म्हणणं एका पानावर लिहिलं, मी खाली सही ठोकली आणि ते पान फाइलमध्ये गेलं.

सहा महिन्यांनी काकूंना झटका आला. काकूंनी जन्मभर शाळेत भूगोल शिकवला, बोलायला लागल्या की थांबायचं नाव नाही. त्यांना आता पाणी मागायलाही शब्द सापडेना. आपल्या घरचं माणूस अभ्यासात येतंय असं काकांनी साहेबांना लेखी कळवलं. वर्गात कोण आणि बाहेर कोण हे चिठ्ठ्या टाकून ठरायचं, त्यात काकूंचंही नाव बाकीच्यांसारखंच टाकलं. चिठ्ठी वर्गाची निघाली. दर मंगळवारी काका त्यांना दारापर्यंत सोडायचे आणि आत न बघता निघून जायचे. अभ्यास संपल्यावरही काकू यायच्या, रिकाम्या खुर्चीत बसायच्या. एवढ्यासाठीच त्या आठवडाभर तयारी करायच्या.

निकाल लागला तेव्हा मी कपाळाला हात लावला. वर्गातली माणसं थोडी पुढे होती, पण तेवढा फरक निव्वळ नशिबानंही पडू शकतो. साहेबांनी बैठक बोलावली. "फायदा नाही. वर्ग बंद."

"फायदा नाही असं मी लिहिलेलं नाही," काका म्हणाले. "सांगता येत नाही असं लिहिलंय."

"एकच ना ते."

"नाही. अंधारात एका काडीच्या उजेडात सुई शोधली आणि काडी विझली. म्हणून सुई नाहीच, असं कसं म्हणू? मध्यम फायदा खरोखर असता, तरी या बावन्नांत तो पकडला जाण्याची शक्यता शंभरात बेचाळीस होती. त्यापेक्षा नाणं उडवलेलं बरं."

साहेब हसले. "तुमच्या घरचंच माणूस आहे की वर्गात. तुम्हीच सांगा, फरक पडला?"

सगळे काकांकडे बघायला लागले. एक 'हो' म्हटलं असतं तर वर्ग वाचला असता.

"मला वाटतं, पडला," काका म्हणाले. "पण झटक्यानंतर माणूस आपोआपही थोडं सुधारतं. ती एकटी आहे, साहेब. तिच्यावरून मी काही सांगणार नाही."

मला त्या माणसाचा इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. आणि मग कळलं, राग त्यांच्यावर काढून उपयोग नाही. मी फाइल उघडली, ते पान साहेबांसमोर ठेवलं. "आकडा मी पाडला. यांनी तेव्हाच बजावलं होतं. खाली सही माझी आहे."

साहेबांनी पान दोनदा वाचलं. शेवटी म्हणाले, शेजारच्या दोन हॉस्पिटलांतलेही रुग्ण घ्या, दोन वर्षं घ्या, पण या खेपेला पूर्ण एकशे अठ्ठावीस.

बाहेर आल्यावर मी आनंदानं बडबडत होते. काका जिन्यात थांबून म्हणाले, "सगळी नवीन माणसं लागतील. वर्ग करून झालेली चालणार नाहीत."

मला कळायला जरा वेळ लागला. "काकू नुसत्या बसतील की. त्यांना मोजायचं नाही."

"तीन महिन्यांची एक तुकडी. दोन वर्षांत आठ तुकड्या. आठ खुर्च्या असल्या तरच चौसष्ट होतात. एक खुर्ची गेली की छप्पन्न."

"अहो, बायको आहे तुमची."

"माहीत आहे." त्यांनी कठडा धरला. "तिला तू सांगशील का? माझ्याच्यानं नाही होणार ते."

रविवारी मी त्यांच्या घरी गेले. काकू मटार सोलत होत्या, काका खिडकीशी उभे. मी सगळं सांगितलं. सारवासारव केली नाही, माझी चूकही सांगितली. काकूंचे हात थांबले.

"मग... घरी बोलेन," त्या म्हणाल्या. काकांकडे बोट केलं. "पण हे... बोलतच... नाहीत."

काका आले, खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसले. चेहरा पार उतरला होता. "काय बोलू?"

"चाळीस वर्षं," काकू म्हणाल्या, "हेच... विचारताय."