गायरानाकडचं रान

घंटागाडी सुरू करायचा ठराव ग्रामसभेत आला, तेव्हा हात वर करणाऱ्यांत मीही होतो. कचरा टाकायचा कुठं, असं कुणीतरी विचारलं. गायरान रिकामंच आहे, असं सगळे म्हणाले. माझं रान त्या गायरानाला लागून आहे हे मला ठाऊक होतं. पण उकिरडे जाऊन गाव स्वच्छ होईल, एवढंच तेव्हा डोक्यात होतं.

आमचं गाव केडगावच्या अलीकडं. आम्ही शेवंती करायचो, फुलं पुण्याच्या मार्केटला जायची. पहिल्याच उन्हाळ्यात वारं सुटलं आणि गायरानातल्या पिशव्या उडून रानात यायला लागल्या. फुलं तोडायच्या आधी बायको रोज कचरा वेचायची. शॅम्पूच्या पुड्या, पार्सलचे डबे, पोरांचे डायपर. पुढच्या वर्षी तो ढीग पेटला आणि काही केल्या विझेना. आडत्याचा फोन आला, "आप्पा, माल चांगलाय, पण धुराचा वास मारतोय. गिऱ्हाईक नाकाला लावतंय आन् खाली ठेवतंय."

मी अर्ज घेऊन पंचायतीत गेलो. ग्रामसेवक तरुण होते, माणूस वाईट नव्हता. खुर्ची दिली, नियम वाचून दाखवले. ओला-सुका वेगळा करायचा, उघड्यावर टाकायचा नाही, जाळायचा नाही. कचऱ्यासाठी शेडसुद्धा मंजूर होती.

"जागा दाखवा, लगेच काम लावतो," ते म्हणाले. "जिथं बघावं तिथं शेजारी कुणाचं तरी रान निघतं."

ओढ्याकाठी एक जागा होती. तिच्या शेजारी माझ्या धाकट्या भावाचं रान. ती जागा न सुचवताच मी अर्ज देऊन उठलो.

एकदा मी घंटागाडीच आडवली. गाडीवर गावातलेच एक मामा होते, पंचायतीचे शिपाईही तेच. ते खाली उतरले. "आप्पा, गाडी भरलीय. कुठं मोकळी करू सांगा, तिथं करतो."

मी बाजूला झालो.

वेचलेल्या कचऱ्याचा बांधावर ढीग झाला होता. गाडीत टाकला असता तर गायरानात गेला असता आणि वाऱ्यानं पुन्हा रानात आला असता. वैतागून एका संध्याकाळी मी त्याला काडी लावली. कुणीतरी फोटो काढून गावाच्या ग्रुपवर टाकला. आठवड्याच्या आत नोटीस आली. उघड्यावर कचरा जाळला म्हणून, माझ्या नावानं. घेऊन आले तेच मामा.

"माझ्यावर राग धरू नगा, आप्पा."

"तुमच्यावर कशाचा राग धरू," म्हणालो आणि सही केली.

तसाच पंचायतीत गेलो. गायरानातला ढीग महिनाभर जळत होता, त्याची नोटीस कुणाला काढली, असं विचारलं. ग्रामसेवक खाली बघत म्हणाले, "तो कुणी पेटवला ते माहीत नाही. तुमचा फोटो आहे."

पुढच्या हंगामात गायरानाकडचं रान आम्ही पडीक ठेवलं. ते बघून ग्रामसेवक दोन सदस्यांना घेऊन घरी आले. चहा झाल्यावर म्हणाले, "आप्पा, तेवढी जागा शेडला देता का? तुमचाच त्रास मिटेल."

मी बायकोकडं बघितलं. "द्या," ती म्हणाली. "शेड तरी व्हईल."

मी संमतीपत्र लिहून दिलं. दोन महिन्यांत ग्रामसेवकांची बदली झाली. नवे आले ते म्हणतात, फाईल तालुक्याला आहे. मी दौंडला दोनदा जाऊन आलो. तिथं म्हणतात, फाईल पंचायतीत आहे. शेड काही झाली नाही. पण जागा दिलीच आहे म्हणून घंटागाडी आता बांध ओलांडून सरळ आत येते. मामा मला बघून हॉर्न देत नाहीत, मान खाली घालून गाडी मोकळी करतात.

उरलेल्या रानात यंदा ऊस लावलाय. उसाला रोजची तोडणी नसते, म्हणून बायकोला रानात यावं लागत नाही. आणि ती आता येतही नाही.