भट्टीवरची काठी

जव्हार संस्थानच्या जंगलात मी ठेकेदाराचा कारकून होतो. तिथं कोळशाच्या भट्टीवर एक कातकरीण होती. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. नव्या माणसाला ती भट्टीवरचा मातीचा थर काठीनं ठोकायला लावायची. पोकळ वाजेल तिथं ओली माती थापून घ्यायची, मगच वर चढू द्यायची. यात सकाळ जायची आणि ठेकेदार चिडायचा. पण तिच्या हाताखालच्या भट्ट्यांत राख कमी, कोळसा जास्त निघू लागला, तेव्हा त्यानंच विचारलं, "तुला हे कुणी शिकवलं गं?"

"कोनी नाय, शेठ. माजा नवरा पयल्याच दिशी वर चढला. थर खचून आत गेला."

एवढं बोलून तिनं काठी पुढच्या माणसाच्या हातात दिली.