‘स्वच्छ’ म्हणून लावलेली माझी स्लाइड

त्या सोमवारी इंदूरच्या आमच्या लॅबमध्ये सगळे एका बोटभर बाटलीभोवती जमले होते... थर्माकोलच्या डब्यात, बर्फात बसून आलेली परदेशी अँटीबॉडी. आधी असली वस्तू मागवायची म्हणजे परवानग्यांचे कागद फिरवण्यातच जीव जायचा. आता बाहेरचा माल सरळ मिळायला लागला होता.

त्याच दिवसांत शहरातल्या कापडाच्या मिला मात्र एकेक करून बंद पडत होत्या. आमच्या ह्यांचीही पडली. तरी रोज सकाळी गेटवर जाऊन बसायचे, आज तरी भोंगा वाजेल म्हणून... घर माझ्या टेक्निशियनच्या नोकरीवर चालायचं.

गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर ज्या व्हायरसमुळे होतो, त्याचं प्रोटीन पेशींत असलं तर ही अँटीबॉडी त्याला जाऊन चिकटते. मग रंग टाकला की तेवढाच भाग तपकिरी दिसतो, बाकी सगळं निळं.

नवी अँटीबॉडी आधी पारखून घ्यावी लागते. एक तुकडा व्हायरस असलेला हवा, एक बिलकुल स्वच्छ. म्हटलं, स्वच्छ तर माझाच आहे ना... तीन महिन्यांपूर्वी माझ्या गर्भाशयाच्या तोंडावरचीच छोटी गाठ काढली होती आणि रिपोर्ट ‘नॉर्मल’ आला होता. मेणात बसवलेला तो तुकडा आमच्याच कपाटात होता. कुणाला न सांगता काढला, त्याचा पातळ काप घेतला आणि स्लाइडवर नाव न घालता नुसता नंबर टाकला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मायक्रोस्कोपला डोळा लावला. पहिली स्लाइड तपकिरी, हवी तशी. दुसरी लावली... तीही तपकिरी!

वाटलं, माझ्या हातून अदलाबदल झाली. सगळं पहिल्यापासून पुन्हा केलं. या वेळी माझ्या तुकड्याची एक स्लाइड अँटीबॉडी न टाकता ठेवली, नुसता रंगच उगाच चढतोय का ते बघायला. ती निळीच राहिली, अँटीबॉडीवाली पुन्हा तपकिरी... म्हणजे चूक नव्हती, व्हायरस माझ्याच तुकड्यात होता.

आमच्या पॅथॉलॉजिस्ट सुषमा मॅडमनं पाहिलं. "हे निगेटिव्ह कोणाचं लावलं तू?"

"माझं आहे, मॅडम."

त्यांनी लगेच माझी जुनी स्लाइड मागवली, तुकड्याचे आणखी खोल काप करायला लावले, आणि बराच वेळ मान खाली घालून बघत राहिल्या.

"ये कोना माझ्याकडून छूट गया," शेवटी म्हणाल्या. "पेशी बिघडायला लागल्यात. अजून कॅन्सर नाहीये, पण सोडून दिलं तर होईल. गलती माझी आहे. रिपोर्ट मीच केला होता."

घरी सांगितलं तर हे म्हणाले, "तुला? तू तर दुसऱ्यांचे तपासते..." रात्रभर मला एकच वाटत होतं, हा व्हायरस आला कुठून... आणि यांना विचारू कसं?

सकाळी हे गेटवर गेलेच नाहीत. माझ्याबरोबर आले. मॅडमनं दोघांना समोर बसवून सांगितलं की हा नवरा-बायकोच्या संबंधातून येतो, पण शरीरात वर्षानुवर्षं गुपचूप पडून राहतो. कधी आला, कोणाकडून आला, कुणीच सांगू शकत नाही. "तर भांडू नका, बस. इलाज करा." ह्यांनी तिथंच माझा हात धरला. लग्नानंतर चारचौघांत पहिल्यांदाच...

छोटं ऑपरेशन झालं, बिघडलेला भाग पूर्ण निघाला. नंतरच्या सगळ्या तपासण्या साफ आल्या.

आणि मॅडमनं रजिस्टरमध्ये स्वतःच्या हातानं जुना ‘नॉर्मल’ खोडला. शेजारी आपली चूक लिहिली, सही केली, आणि पूर्ण स्टाफसमोर वाचून दाखवली.

मला आजही धक्का बसतो तो एका विचारानं... त्या दिवशी त्या इतकंच म्हणाल्या असत्या, ‘रंग नीट चढला नाही, फेक ती स्लाइड,’ तर मी फेकली असती. आणि विसरूनही गेले असते.