बाळाच्या कमरेचा भोकाचा पैसा

मी नाणी जमवते हे आमच्या घराण्यात सगळ्यांना माहीत आहे. जमवते म्हणजे नेमकं काय करते, हे एकालाही माहीत नाही. त्यांना वाटतं, बाई डबा भरतेय.

सुरुवातीला मी डबाच भरत होते, खोटं कशाला बोलू. आईच्या पेटीतले आणे-पैसे, कुणी गावाहून आणलेली, कुणी नको म्हणून दिलेली, सगळी एकत्र. मग ठाण्याला एका प्रदर्शनात एका तिरसट दुकानदाराने माझा डबा टेबलावर पालथा केला आणि म्हणाला, "बाई, हे भंगार आहे. एकच ठेवा, पण चांगलं ठेवा." असा राग आलेला मला! पण मेला खरं बोलत होता. तेव्हापासून माझा नियम ठरला. एका प्रकारचं एकच नाणं, आणि त्याहून चांगलं मिळालं की जुनं बाहेर.

सगळ्यात दमवलं ते भोकाच्या पैशाने. इंग्रजांच्या शेवटच्या काळातला, मध्ये भलंमोठं भोक असलेला तांबडा पैसा. मिळायला ढिगाने मिळतो, पण झिजलेला, कारण लोकांनी तो पोरांच्या कमरेला बांधला, नाहीतर नटाखाली वायसर म्हणून घातला. मी एक घ्यायची, वर्ष-दीड वर्षाने त्याहून बरा सापडला की आधीचा बाजूला. असं करत करत शेवटी एक मिळाला. वरचा मुकुट धारदार, मागची वेल पान न् पान स्पष्ट, आणि टांकसाळीतून बाहेर पडतानाची झळाळी तशीच्या तशी. ही झळाळी एकदा गेली की गेली, परत कुणाच्या बापाला आणता येत नाही. मी तो अल्बमच्या प्लास्टिकच्या खिशात ठेवला, आणि बाहेर काढला तरी नेहमी कडेने धरायची. रिटायर झाले त्या दिवशीसुद्धा मला एवढा आनंद झाला नव्हता.

माझा धाकटा भाऊ ठाण्यात टेंभी नाक्याजवळ राहतो, मी एकटी कोपरला. त्याला एकच मुलगा, आणि त्या मुलाला यंदा मुलगा झाला. बारशाचं आमंत्रण द्यायला भावजय घरी आली. म्हणाली, "ताई, तुमच्याकडे भोकाचा पैसा असेल ना? बाळाच्या कमरेला काळ्या दोऱ्यात बांधायचा आहे. हल्ली मिळत नाहीत हो कुठे."

मी म्हटलं, हो, देते की. बाजूला काढलेल्यांतला त्यातल्या त्यात बरा शोधून दिला आणि चहा टाकायला आत गेले. अल्बम टेबलावर उघडाच होता. मला मेलीला काय माहीत!

बारसं त्यांच्या सोसायटीच्या हॉलमध्ये. बाळाला सख्खी आत्या नाही, म्हणून बापाच्या आत्याने नाव ठेवायचं ठरलं, म्हणजे मी. नवी साडी नेसून गेलेले. पाळण्यात वाकले, बाळाच्या कानाशी तोंड नेलं, मागे बायका पाठीत गुद्दे घालायला हात उचलून तयार. तेवढ्यात बाळाचं झबलं वर सरकलं, आणि कमरेला माझा पैसा. मी दिलेला नव्हे. माझा, अल्बममधला!

"अगं, हा कुठून आणलास?" मी पाळण्यावर वाकल्यावाकल्याच भावजयीला विचारलं.

"तुम्ही दिलेला किती काळपट होता, ताई. पहिल्या नातवाला असलं जुनंपानं बांधायचं का? म्हणून चकचकीत घेतला. आणि रिकामं कुठे सोडलंय मी? तुमचा तो दुसरा ठेवला ना त्या खिशात."

जसं काही वाटीच्या बदल्यात वाटी ठेवली! त्यावर ही कौतुकाने म्हणते, "चिंच-मीठ लावून घासला पण मी छान. आणि एवढं काय हो, एक पैसा तर आहे. नाहीतरी तुमचं सगळं पुढेमागे यालाच यायचंय."

मी सरळ उभी राहिले. म्हटलं, "आधी माझा पैसा. मग नाव."

"बाळाच्या अंगावरचा दोरा तोडत नाहीत, ताई. आज बारसं आहे."

"मग बिननावाचा राहू दे."

मागून कुणीतरी पुटपुटलं, एकट्या बायका अशाच होतात. मी वळून म्हटलं, "आणि एकट्या बायकांच्या वस्तूंत हात घालणाऱ्या कशा होतात, ते बघा हे." भावजयीचे डोळे भरून आले, ते तिला लगेच येतात. शेवटी भाचेसून, बाळाची आई, उठली. कात्रीने दोरा कापला, पैसा माझ्या हातात ठेवला आणि म्हणाली, "आत्या, नाव घ्या पटकन. त्याला भूक लागलीये." मी नाव घेतलं. बायकांनी त्या दिवशी पाठीत जरा जास्तच जोरात घातले.

जेवायला थांबले नाही. घरी येऊन खिडकीत पैसा बघितला. घासलेल्या हंड्यासारखा गुलाबी पडलेला, अक्षरांत बाळाच्या मालिशचं तिळाचं तेल, मुकुटावर बारीक ओरखडे. दुकानात असा दिसला असता तर मी हातातही घेतला नसता. बसले आणि रडले. त्या बाईचा मला आजही राग येतो आणि तो जावा असं मला वाटत नाही.

पुढच्या रविवारी भाऊ आला. बर्फी घेऊन. मला वाटलं, माफी मागायला आला असेल. म्हणाला, "तिचं चुकलं, ताई. पण चारचौघांत तू तरी..." मी उठून चहा टाकला. त्याने चहा घेतला, इकडचं तिकडचं बोलला. मग म्हणाला, "एक विचारू? रागावू नकोस. तुझ्यानंतर हे सगळं कुणाचं?"

"नाणी ना? विकून टाकेन हळूहळू. घेणारे आहेत."

"नाणी नाही गं," तो म्हणाला. मग गॅलरीच्या दाराकडे बघितलं, छताकडे बघितलं. "फ्लॅटचं म्हणतोय. सोसायटीत नॉमिनी कुणाला लावलंयस?"

टेबलावर अल्बम होता, त्याच्या कोपराला लागून. एवढ्या वर्षांत "दाखव बघू, ताई" असं तो एकदाही म्हणाला नव्हता. त्या दिवशीही त्याने कपासाठी जागा करायला तो नुसता बाजूला सरकवला. मी बर्फीचा पुडा त्याच्या पिशवीत परत घातला आणि दार उघडून उभी राहिले.